विश्लेषण : मोठे घर विकून छोटे घेतले, तर म्हातारपणी हातात नेमके काय उरते?

मुले नोकरीसाठी बंगळूरु किंवा परदेशी स्थिरावली, तीन बेडरूमच्या घरात दोघेच उरले, दोन खोल्या वर्षभर बंद. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतील अनेक सोसायट्यांमध्ये हे चित्र आहे. अशा घरात कधी तरी विषय निघतो, ‘हे विकून छोटे घेऊ, उरलेल्या पैशांच्या व्याजावर निवांत राहू.’ तोंडी हिशेब सोपा असतो. दीड कोटीला विकायचे, पाऊण कोटीचे घ्यायचे, पाऊण कोटी बँकेत ठेवायचे.

हा निर्णय अनेकांसाठी योग्यच असतो. मात्र या तोंडी हिशेबात तीन गोष्टी सुटतात. व्यवहाराचा खर्च, नफ्यावरचा कर आणि सरकारी कागदावर पैशाचे बदलणारे रूप. राहत्या घराची किंमत कितीही असो, प्राप्तिकराच्या हिशेबात त्याचे उत्पन्न शून्य धरले जाते. घर विकून पैसे ठेवीत गेले की व्याज सुरू होते आणि व्याज हे उत्पन्न असते. म्हणजे माणूस तेवढाच श्रीमंत असतो, पण त्याची श्रीमंती आता कागदावर दिसू लागते. त्यामुळे घर किती रुपयांना विकले यापेक्षा पैसे कोणाच्या नावावर, कोणत्या क्रमाने आणि कोठे गेले, यावर उतारवयाची घडी अवलंबून राहते.

हा पर्याय नेमका कोणासाठी?

सरकारी नोकरीतून जुन्या निवृत्तिवेतनासह बाहेर पडलेल्यांना महागाई भत्त्याचा आधार असतो. खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांचे तसे नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील (ईपीएस-९५) किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. अनेकांची आयुष्यभराची कमाई घराच्या हप्त्यांत गेलेली असते. घर कोटीचे, पण महिन्याच्या औषधांसाठी भविष्य निर्वाह निधीची ठेव मोडावी लागते, अशी त्यांची स्थिती.

त्यात मोठ्या घराचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, दर काही वर्षांनी रंगकाम आणि गळती असे खर्च असतात. इमारतीला लिफ्ट नसेल तर गुडघे हेही कारण पुरेसे असते. छोट्या घराने हे खर्च कमी होतात आणि अडकलेली रक्कम मोकळी होते. म्हणूनच हा पर्याय टाळण्यासारखा नाही, तो नीट मोजून घेण्यासारखा आहे.

प्रत्यक्षात किती रक्कम उरते?

एक हिशेब मांडून पाहू. समजा, पुण्यातील एका जोडप्याने २०१२ मध्ये ७० लाखांना घेतलेले घर आता दीड कोटीला विकले. एक टक्का दलाली धरली तर दीड लाख गेले. नवे तयार घर ७५ लाखांचे घेतले. त्यावर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख २५ हजार आणि नोंदणी शुल्क ३० हजार. खरेदीची दलाली ७५ हजार. सामान हलवणे, कपाटे, स्वयंपाकघराचा ओटा, किरकोळ दुरुस्ती यासाठी सहा लाख धरले, तर एकूण खर्च वजा जाता हातात साधारण ६१ लाख रुपये उरतात. तोंडी हिशेबातले पाऊण कोटी येथेच १४ लाखांनी घटले आणि अद्याप कराचा विषय निघालेलाच नाही.

बांधकाम सुरू असलेले घर घेतल्यास वस्तू व सेवा कराची भर पडते. परवडणाऱ्या श्रेणीतील घरांना हा दर एक टक्का, इतरांना पाच टक्के आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला हा कर लागत नाही. सोसायटीच्या हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपये आहे. त्यापेक्षा जास्त रक्कम ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून मागितली गेली, तर ती देणे बंधनकारक नाही, हेही अनेक ज्येष्ठांना ठाऊक नसते.

नफ्यावर कर कसा लागतो?

घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मालकीचे असेल, तर विक्रीतील नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर आहे. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीचा, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो. दोन्हींपैकी जो कर कमी तो भरायचा. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल, तर त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते. जुन्या घरांच्या बाबतीत हा मुद्दा लाखो रुपयांचा फरक पाडतो.

मोठी सवलत आहे ती घराच्या नफ्यातून पुन्हा घर घेण्याची. जुन्या कायद्यात ती ‘कलम ५४’ म्हणून ओळखली जाते. प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले, तरी सवलतीचा गाभा तोच आहे. नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत विकत घ्यायचे, अथवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करायचे. जितका नफा नव्या घरात गेला, तितका करमुक्त. वरील उदाहरणात दलाली वजा जाता नफा साडेअठ्ठ्याहत्तर लाख आहे आणि नव्या घराची मुद्रांक शुल्कासह किंमत ८० लाखांवर जाते. त्यामुळे कर शून्य.

मात्र येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. घर जितके जुने आणि स्वस्तात घेतलेले, तितका नफा मोठा. अशा वेळी नवे घर फार छोटे घेतले, तर नफ्याचा काही भाग करपात्र राहतो. त्या भागातील ५० लाखांपर्यंतची रक्कम विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत गुंतवता येते. पाच वर्षे पैसे अडकतात, व्याज कमी असते आणि ते करपात्र असते. तरीही अनेकांसाठी कर भरण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

विवरणपत्राची मुदत संपेपर्यंत नवे घर मिळाले नाही, तर गुंतवायची रक्कम बँकेच्या ‘भांडवली नफा खाते योजने’त ठेवावी लागते. साध्या मुदत ठेवीत पैसे ठेवून ‘पुढच्या वर्षी घर घेऊ’ म्हटले, तर सवलत हातची जाऊ शकते. नवे घर तीन वर्षांच्या आत विकल्यासही आधी मिळालेला लाभ फिरतो.

आणखी एक गैरसमज म्हणजे ‘१२ लाखांपर्यंत करच नाही’. नव्या करप्रणालीतील ही सूट निवृत्तिवेतन, व्याज अशा नेहमीच्या उत्पन्नासाठी आहे. घराच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील कर त्या सवलतीने माफ होत नाही. एरवी विवरणपत्र न भरणाऱ्या ज्येष्ठांनीही घर विकलेल्या वर्षी ते भरायला हवे. विक्री ५० लाख किंवा त्याहून अधिकची असेल, तर खरेदीदार एक टक्का कर कापून सरकारजमा करतो. तो परत मिळवायचा, तरी विवरणपत्राशिवाय मार्ग नाही.

नवे घर कोणाच्या नावावर असावे?

बहुतेक घोळ येथे होतात. महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वरील उदाहरणात ही सवलत ७५ हजारांची. पण विकलेले घर पतीच्या एकट्याच्या नावावर असेल आणि नवे घर केवळ पत्नीच्या नावावर घेतले, तर भांडवली नफ्याच्या सवलतीवर प्रश्न उभा राहू शकतो. मुलाच्या नावावर घेतले तर हा धोका आणखी मोठा. ७५ हजार वाचवताना लाखो रुपयांच्या कराची नोटीस ओढवून घेण्यात शहाणपण नाही. ज्याच्या नावावरचे घर विकले, त्याचे नाव नव्या घरात असणे हा सुरक्षित मार्ग.

व्याजाचेही तसेच. घर पतीचे, विक्रीचे पैसे पतीचे आणि त्यातील निम्मे पत्नीच्या नावावर ठेवले, तर त्या ठेवीचे व्याज करासाठी पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. पतीचे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर नव्या प्रणालीत फरक पडत नाही. चांगले निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना मात्र पडतो. घर मुळातच दोघांच्या पैशांतून, दोघांच्या नावावर घेतलेले असेल, तर नफा आणि व्याज दोन्ही विभागले जातात. नोकरी करणाऱ्या पत्नीचे नाव करारनाम्यात घालण्याचे महत्त्व २५ वर्षांनी कळते, ते असे.

उरलेल्या पैशांचे काय करावे?

घर विकल्यावर पहिले सहा महिने मोठी रक्कम बचत खात्यात पडून राहते. बचत खात्यावर अडीच टक्के धरले, तर ५० लाखांवर महिन्याला साधारण १०,४०० रुपये मिळतात. तीच रक्कम पती-पत्नींनी प्रत्येकी २५ लाख याप्रमाणे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवली, तर महिन्याला सरासरी ३४ हजार रुपये पडतात. व्याज दर तिमाहीला जमा होते. उरलेले ११ लाख आजारपण आणि अडीअडचणीसाठी हाताशी राहतात.

या योजनेत प्रत्येकी कमाल ३० लाख ठेवता येतात. मुदत पाच वर्षांची आणि तीन-तीन वर्षांनी वाढवता येणारी. खाते संयुक्त असले तरी सगळी ठेव पहिल्या खातेदाराची मानली जाते, त्यामुळे दोघांचा लाभ घ्यायचा तर खाती वेगळी हवीत. सर्वसाधारणपणे वयाची अट ६० वर्षे आहे. पत्नी ५६ वर्षांची गृहिणी असेल, तर तिच्या नावाचे खाते आज उघडत नाही, हे घर विकण्याआधी पाहायला हवे. टपाल खात्याच्या मासिक प्राप्ती योजनेत वयाची अट नाही. तेथे एकट्याला नऊ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाखांची मर्यादा आहे.

अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून घराचे सगळे पैसे एकाच सहकारी बँकेत ठेवण्याची सवय महाराष्ट्राला महागात पडली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा शाखांबाहेरच्या रांगांत ज्येष्ठ मोठ्या संख्येने होते. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच आहे. घराच्या भिंतीला असा धोका नसतो. भिंतीचे पैसे झाले की तो येतो.

दुसरा धोका महागाईचा. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले, तर १२ वर्षांत ते दुप्पट होतात. ६५ व्या वर्षी मिळणाऱ्या ३४ हजारांत ७७ व्या वर्षी आजच्या १७ हजारांएवढ्याच वस्तू येतील. घराची किंमत कमी-अधिक वाढत राहते, ठेवीचे मुद्दल वाढत नाही. म्हणून सगळे व्याज खर्च न करता त्यातील काही भाग पुन्हा गुंतवणे हाच या व्यवहाराचा खरा पथ्यपाणी.

सरकारी योजनांवर काय परिणाम होतो?

येथे योजनांचे दोन गट पाडावे लागतात. एक वयावर मिळणाऱ्या, दुसऱ्या उत्पन्नावर मिळणाऱ्या.

पहिल्या गटाला घर विकल्याने धक्का लागत नाही. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबासाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेला उत्पन्नाची अट नाही. एसटीचा ७५ वर्षांवरील मोफत प्रवास आणि ६५ ते ७५ वयोगटाची निम्मी सवलत वयावरच आहे. ईपीएस किंवा सरकारी निवृत्तिवेतन हा नोकरीचा हक्क असल्याने बँकेत कितीही पैसे आले तरी ते कमी होत नाही.

दुसऱ्या गटाचे तसे नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना महिना १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांसाठी राज्यातील मर्यादा शहरात ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी तीन हजार रुपये एकदाच मिळतात, त्यासाठी मर्यादा दोन लाख. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा लाभ ६५ वर्षांपर्यंतच्या महिलांना मिळतो. तेथे मर्यादा अडीच लाख आहे आणि कुटुंबातील कोणी प्राप्तिकर भरत असेल तरी अपात्रता येते. वरच्या उदाहरणातील जोडप्याला ठेवींतून वर्षाला चार लाख दहा हजार रुपये मिळतात. म्हणजे यापैकी एकाही योजनेत ते बसत नाहीत.

त्यात अन्याय नाही. हातात ६१ लाख असणाऱ्यांनी निराधार योजनेचा लाभ घेऊ नये, हे उघड आहे. प्रश्न त्यांचा नाहीच.

मग खरा फटका कोणाला?

फटका बसतो तो अगदी छोटे घर विकून त्याहून छोट्या घरात किंवा गावी जाणाऱ्यांना. समजा, कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील एका खोलीच्या घरात एकटी राहणारी ६८ वर्षांची विधवा आहे. तिला श्रावणबाळचे १,५०० रुपये आणि रेशनचे धान्य मिळते. तिने खोली विकली, गावाजवळ लहान घर घेतले आणि तिच्याकडे आठ लाख उरले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यावर वर्षाला ६५,६०० रुपये व्याज येते. निराधार वेतनाची मर्यादा ओलांडली आणि रेशनचीही. वर्षाचे १८ हजार रुपये गेले, म्हणजे मिळालेल्या व्याजाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त. धान्याचा खर्च वेगळा.

ती आधीपेक्षा बरी आहे, हे खरे. पण कडेलोट किती जवळ आहे ते पाहा. अडीच लाखांच्या ठेवीवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला २०,५०० रुपये मिळतात. दुसरे उत्पन्न नसेल, तर ती मर्यादेच्या आत. ठेव दोन लाख ६० हजारांची असेल, तर व्याज २१,३२० रुपये. ती मर्यादेच्या बाहेर. १० हजार जास्त असल्याने वर्षाचे १८ हजार जाऊ शकतात. दुसरीकडे तीच बाई २५ लाखांच्या खोलीत, एक रुपयाही व्याज न घेता राहिली, तर पात्रच राहते. म्हणजे नियम गरिबी मोजत नाहीत, व्याज मोजतात.

याचा दुष्परिणाम घरात दिसतो. निराधार वेतन जाऊ नये म्हणून पैसे मुलाच्या किंवा पुतण्याच्या खात्यात टाकले जातात आणि पुढे ते परत मिळतील याची खात्री उरत नाही. उत्पन्न लपवणे बेकायदा आहे, शिवाय आधार आणि पॅन जोडलेल्या खात्यांच्या काळात ते फार दिवस लपतही नाही. आजारपणात ठेव संपली, तर वेतन आपोआप सुरू होत नाही. पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा तहसील कार्यालय.

इतर देशांत काय केले जाते?

ऑस्ट्रेलियात वृद्धांचे सरकारी निवृत्तिवेतन उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही पाहून ठरते, पण राहते घर मालमत्तेच्या हिशेबातून वगळलेले असते. त्यामुळे मोठे घर विकले की वेतन घटण्याची भीती तेथील ज्येष्ठांनाही असते. मेलबर्न-सिडनीत मुलांकडे स्थायिक झालेल्या आणि तेथील वेतनास पात्र ठरलेल्या मराठी कुटुंबांनाही हाच नियम लागू होतो. मात्र तेथील सरकारने ही अडचण मान्य करून दोन वाटा काढल्या. जुलै २०१८ पासून घर विकलेल्या ज्येष्ठांना त्यातील प्रत्येकी तीन लाख डॉलरपर्यंतची रक्कम निवृत्ती निधीत एकदा जादा भरता येते. घर किमान दहा वर्षे मालकीचे असावे लागते आणि २०२३ पासून वयाची अट ५५ वर आणली आहे. दुसरी वाट म्हणजे नव्या घरासाठी राखून ठेवलेले पैसे २४ महिन्यांपर्यंत मालमत्तेच्या हिशेबात धरले जात नाहीत.

तेथेही शेवटी उरलेली रक्कम मोजली जाते. पण घर बदलण्याचा काळ वेगळा आहे, त्या काळात माणसाला ‘श्रीमंत’ ठरवून लाभ तोडू नये, एवढे तरी नियमांत लिहिले आहे.

मुलांना वाटा आधी द्यावा का?

मराठी घरांत घर विकले की दुसऱ्याच दिवशी हा प्रश्न येतो. मुलांना दिलेल्या भेटीवर कर नाही, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. पण एकदा दिलेले पैसे परत मागणे अवघड. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ नुसार सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मागता येते. घराच्या बाबतीत त्याचा उपयोग होतो. खर्च होऊन गेलेल्या रोख रकमेबाबत तो फारसा होत नाही.

म्हणून वाटा द्यायचाच असेल, तर तो मृत्युपत्राने द्यावा. मुलाच्या घराच्या हप्त्यासाठी आज दिलेले २० लाख म्हणजे वरच्या उदाहरणात महिन्याचे साडेतेरा हजार रुपये कमी. एवढा आकडा समोर ठेवून निर्णय घेतला, तर तो प्रेमाने घेतलेला असला तरी आंधळा राहत नाही.

घर न विकता काही मार्ग आहे का?

मोठे घर भाड्याने देऊन स्वतः छोट्या भाड्याच्या घरात राहणे हा एक मार्ग. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि घराची मालकी राहते. पण सत्तरीत दर अकरा महिन्यांनी करारनामा आणि घरमालकाचा फोन, ही दगदग प्रत्येकाला पेलत नाही.

दुसरा मार्ग रिव्हर्स मॉर्गेजचा. घर तारण ठेवून बँक ज्येष्ठांना दरमहा रक्कम देते, हयातीत घर सोडावे लागत नाही आणि मिळणारी रक्कम करपात्र नसते. २००७-०८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ही योजना आपल्याकडे रुजली नाही. घरावर कर्ज ठेवून मरणे आपल्या मनाला पटत नाही, हे त्याचे एक कारण. मुंबई-पुण्यात आणखी एक बाब तपासावी. सोसायटी पुनर्विकासाला जाणार असेल, तर आधी विकणाऱ्याला वाढीव क्षेत्राचा लाभ मिळत नाही. उलट विकासक रखडला, तर म्हातारपणाची दहा वर्षे भाड्याच्या घरात जाऊ शकतात.

सरकारने काय करावे?

तीन गोष्टी फारशा खर्चिक नाहीत. पहिली, २१ हजारांची मर्यादा बदलणे. महिन्याला १,७५० रुपयांत कोणीही जगत नाही. ती मर्यादा महागाईशी जोडावी आणि ती ओलांडताच सगळा लाभ तोडण्याऐवजी तो टप्प्याटप्प्याने कमी करावा. दुसरी, राहते घर विकून आलेल्या पैशांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांच्या वर एकदाच वापरता येणारी जादा मर्यादा द्यावी, म्हणजे हे पैसे जोखमीच्या ठेवींकडे वळणार नाहीत. तिसरी, ६० वर्षांवरील व्यक्तीने राहते घर विकून त्यापेक्षा स्वस्त घर घेतले, तर राज्याने मुद्रांक शुल्कात सवलत द्यावी. मोठी घरे गरजू कुटुंबांसाठी मोकळी होतील, हा त्याचा दुसरा फायदा.

करोडोंच्या घरांच्या मालकांना सवलत कशासाठी, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर विकलेल्या घराच्या किमतीची कमाल मर्यादा घालता येते. पण मर्यादेच्या भीतीने ज्येष्ठांना न पेलणाऱ्या घरात अडकवून ठेवणे, हे कल्याणकारी धोरण म्हणता येत नाही.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर घर विकू पाहणाऱ्यांनी क्रम पाळणे त्यांच्याच हातात आहे. आधी सनदी लेखापालाकडून नफा आणि कराचा हिशेब, मग नव्या घराचा शोध आणि त्यावरची नावे, मग योजनांच्या मर्यादा पाहून ठेवींची विभागणी, मग मृत्युपत्र. टोकन घेणे त्यानंतर. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. आधी टोकन घेतले जाते आणि बाकीचे सगळे नोटीस आल्यावर कळते.